सुजयचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी छत्तीसगढातल्या, भिलाईजवळच्या आमच्या चरोद्यात मारबत निघते. नागपूरसारखी नाही, तिथं म्हणे पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे रेल्वे यार्डाला लागून रिटायर झालेल्या लोकांनी बांधलेली घरं आहेत, त्या दोन-तीन गल्ल्यांपुरतीच. पुढे पिवळ्या कागदाची मारबत, मागे बडग्या. मारबत बाई, बडग्या बाप्या. त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा बडग्या करायचा. महागाईचा झाला, डेंग्यूच्या मच्छराचा झाला, पेपर फोडणाऱ्यांचा झाला. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत तो वस्तीबाहेर न्यायचा, पेटवायचा आणि घरी परतायचं. परतताना मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं तर जे घालवलं तेच पाठोपाठ घरी येतं.

यंदाचा बडग्या माझ्या भाच्याचा होता, सुजयचा. आणि तो माझ्या वडिलांनी, म्हणजे सुजयच्या आजोबांनी, स्वतःच्या हातांनी बांधला. लोकांनी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि बोलायचं ते बोलून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्या घरात राहते, म्हणून मी सांगते तसं ऐका.

माझं नाव हर्षा भोयर. रेल्वेत क्लार्क आहे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांची तोंडं मी केव्हाच बंद केली आहेत. माझे वडील भाऊराव मिसरूड फुटायच्या वयात भंडाऱ्याकडून इकडे आले आणि यार्डात वॅगनच्या दुरुस्तीवर लागले. त्यांच्या गँगमध्ये आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं होती. बाबा त्यांच्याकडून छत्तीसगढी शिकले, आणि अशी शिकले की भाजीवाल्या बाया त्यांना दुर्ग जिल्ह्यातलेच समजायच्या. "ज्या गावचं पानी पेते त्या गावची बोली याले पायजे," हा त्यांचा कायदा. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर छत्तीसगढी.

सुजयलाही त्यांनीच शिकवली. माझा भाऊ अरुणकुमार आणि वहिनी रमा भिलाईत रुआबांध्याला राहायचे. दोघंही नोकरीवाले, शिफ्टची भानगड, म्हणून पोरगं आमच्याकडे वाढलं. पहिलीपासून कबड्डीत नाव काढेपर्यंत तो माझ्या ताटातला घास होता. त्याचे गुडघे मी धुतले, त्याच्या शाळेतली भांडणं मी निस्तरली. संध्याकाळी मैदानावरून आला की अंगणात बाबांच्या पायाशी बसायचा आणि बाबा त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायचे. आम्हाला वाटायचं, सुख म्हणतात ते हेच.

तो चढाईचा खेळाडू. समोरच्यांच्या अंगणात एकटा शिरायचा, कोणाला तरी शिवायचा आणि सात जणांच्या हातांतून निसटून यायचा. टीव्हीवरच्या लीगमध्ये गेला तेव्हा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्याचा मोठा फोटो लागला. ज्यांची मुलं त्याच्यासोबत खेळून काहीच झाली नाहीत, तेही 'आमचा सुजय' म्हणू लागले.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. राज्याच्या ज्युनियर संघात त्याचं नाव यायचं होतं, आलं नाही. त्याच्या जागी कोणा साहेबाचा पुतण्या गेला, बाहेरच्या राज्यातून महिन्याभरापूर्वी आलेला. सुजय दोन दिवस जेवला नाही. त्याचं दुखणं खरं होतं, हे मी आजही म्हणते. पण तेव्हा आम्ही म्हणालो, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी होईल." माटी फौजवाले मात्र म्हणाले, "तेरे साथ अन्याय हुआ है." पोराला कोणाचं बोलणं गोड लागणार?

माटी फौज म्हणजे इथली एक संघटना. इथल्यांना नोकऱ्या द्या, इथल्या बोलीला मान द्या, इथपर्यंत त्यांचं म्हणणं बाबांनाही पटायचं. पण त्यांची गाडी तिथं थांबणारी नव्हती. बाहेरून आला तो परदेसिया आणि परदेसिया म्हणजे चोर, एवढंच त्यांचं शास्त्र. सुजयनं आधी आडनाव टाकलं. मग घरी फोनवरसुद्धा मराठी बोलणं टाकलं. आणि गेल्या हिवाळ्यात एक सामना जिंकल्यावर टीव्हीचा माईक समोर आला तेव्हा तो म्हणाला, "परदेसिया मन ला घर किराया में मत देवव, काम मत देवव. गाड़ी में बइठार के भेजव. नइ बइठय, त हाथ-गोड़ टोर के बइठारव." त्यांना घर देऊ नका, काम देऊ नका, गाडीत बसवून परत पाठवा. बसत नसतील तर हातपाय मोडून बसवा.

देशभर बोंब झाली. लीगनं त्याला काढलं. टीव्हीवर चार-चार चौकटींत माणसं बसून भांडू लागली. कोणी म्हणे खेळाडूनं खेळावं, राजकारण करू नये. कोणी म्हणे मर्द आहे, खरं बोलला. तो भिलाईला परतला तेव्हा स्टेशनवर त्याच्या गळ्यात इतके हार पडले की तोंड दिसेना. आम्ही घरी वाट पाहत होतो. मी त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. तो थेट सभेला गेला, आणि तिथून दुसऱ्या सभेला.

बाबांनी तो टीव्हीवरचा तुकडा पाहिला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बोली तं मस्त बोलून राहिला. मीच शिकवली." आणि उठून अंगणात गेले. मला त्या क्षणी सुजयचा इतका राग आला की ते भरीत मी गायीपुढे टाकलं.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत नरेश नावाचा भाडेकरू राहतो, बायको मोनासोबत. तिरोड्याकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. हथखोजच्या एका कारखान्यात वेल्डर होता. भोळा माणूस. सुजयच्या आजोबांच्या घरी आपण राहतो याचा त्याला फार अभिमान, कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरायचा. सुजय ते बोलल्यावरही म्हणायचा, "मोठ्या लोकायचं असते तसं. आपल्याले थोडी म्हणून राहिले."

श्रावणात एका दुपारी माटी फौजची पोरं हथखोजला गेली. फाटकाशी उभी राहून एकेकाला गाव विचारत होती. नरेशनं सरळ सांगितलं, तिरोडा. त्याचा डोळा वाचला नाही.

दवाखान्यात पट्टी बांधलेल्या तोंडानं तो बाबांना सांगत होता, आणि सांगताना त्यालाच लाज वाटत होती. "बाबाजी, म्या सांगतलं त्याईले, मी सुजयभाऊच्या आबाजीकडे राह्यतो म्हणून. वाटलं, सोडतीन. तं अजूनच मारलं. म्हणे झूठ बोलता है, सुजय भइया के दादा परदेसिया थोड़ी हैं."

बाबा त्याचा हात धरून बसले होते. त्यांनी तो हळूच सोडला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटतं, त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

मी बाहेर येऊन सुजयला फोन केला. सात-आठदा केल्यावर उचलला.

"सुजय, नरेशले मारलं रे. आपल्या मागच्या खोलीतला नरेश. डोळा गेला त्याचा."

"आत्या, अपनी पहचान का था तो पहले बताना था न. लड़कों को क्या मालूम."

"म्हणजे पहचानीचा नसता तं चाललं असतं?"

तो म्हणाला, "मीटिंग में हूँ. बाद में करता हूँ." त्याचं ते बाद में अजून आलेलं नाही. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ मात्र आला. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, कायदा हातात घेऊ नये, पण संदेश गेला हे बरं झालं, असं काहीसं.

पोलिसांनी दोन-तीन पोरं धरली आणि जामिनावर सोडली. अरुणकुमार रुआबांध्याहून आला. आपल्या पोराची बाजू घ्यायची असते म्हणून घेत होता, नजर वर करत नव्हता. "बाबा, पोरगं गरमीत बोललं. त्यानं सोता कोणाले हात लावला काय?"

"नाही लावला," बाबा म्हणाले. "कबड्डीत शिवल्याबिगर पॉइंट भेटत नाही. यानं न शिवता डोया घेतला."

अरुणकुमार चहा न पिता गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणणार? वहिनीनं तर फोन उचलणंच सोडलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये फोटो काढायचा की ठेवायचा यावर मोठी वादावादी झाली. अर्धे म्हणाले, आपलं माणूस आहे, मोठं झालेलं आपल्याला पाहवत नाही. अर्धे म्हणाले, उद्या आपल्याच दारावर दगड पडतील तेव्हा हा फोटो आडवा येणार आहे का? शेवटी कोणीतरी फोटोवर कपडा टाकला. गेलेल्या माणसाच्या फोटोवरही आपण असा कपडा टाकत नाही.

मग पोळा जवळ आला. वस्तीतले आनंदराव, बाबांचे यार्डातले जुने सोबती, एका सकाळी येऊन बसले. पाणी प्याले, चहा प्याले, गुडघ्यांचं बोलले, पावसाचं बोलले. बडग्या दरवर्षी बाबाच बांधतात. त्यामुळे कोणाचा हे विचारायला ते आले असणार हे मला माहीत होतं.

"आनंदराव, सुजयचा करायचा न?" शेवटी बाबाच म्हणाले.

"पोट्टे म्हणून राहिले भाऊराव. मी नाही म्हटलं. तुम्हाले नसन पटत तं मच्छराचाच करू. नाही तं पोट्टे बांधतीन त्याईचं."

"दुसऱ्यानं कावून बांधाव? मी हाव न अजून."

आनंदराव जाताना माझ्याकडे पाहतही नव्हते. मी मात्र दार लावलं आणि बाबांवर तुटून पडले. आयुष्यात त्यांच्यापुढे इतका आवाज चढवला नव्हता. "लाज वाटते का तुम्हाले? ज्याच्या पायाले तेल लावलं त्याले पेटवून राहिले? लोकायले तमाशा पायजे, तुम्ही दाखवून राहिले!"

बाबांनी ओरडू दिलं. मग म्हणाले, "ट्रंकेतली त्याची जर्सी दे. हिरवी. पहिली."

चरोद्याच्या क्लबची ती जर्सी. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत चरोदा लिहिलेलं, काखेत मी दोनदा शिवलेली. मी म्हटलं, "मेले तरी देणार नाही."

"येडी हायेस तू हर्षा. तुले आठवते? तू लहान होती, तुले गोवर निघाला होता. अंग तव्यासारखं. तुयी माय रडून राहिली होती. त्या वर्षी बडग्याले मी तुया फ्राक घातला होता, पिवळा. वस्तीभायेर नेला, पेटवला. तू मेली काय?"

मी ट्रंकेपाशी खाली बसले.

"मारबत माणसाले नेत नाही, माय. माणसाले लागलेलं नेते. लोक बांधतीन तं त्याले शिव्या द्याले बांधतीन. मी त्याच्या अंगातलं काढाले बांधून राहिलो. म्हणून म्या बांधाले पायजे."

आमच्या घरचा हा असा समज. बाकीचे लोक बडग्या जाळतात ते राग म्हणून, बाबा जाळायचे ते औषध म्हणून. हे बाहेर कोणाला सांगणार आणि कोणाला कळणार? मी ट्रंक उघडली, जर्सी काढली आणि त्यांच्या अंगावर फेकली. फेकल्यावर खूप रडले.

बाबा अंगणात बांबू तासायला बसले. हात थरथरतात आता, तारेचे पीळ नीट बसत नव्हते. पण खांदे त्यांनी बरोबर सुजयचे काढले, डावा किंचित खाली. कणिक लावून कागदाचं तोंड केलं. शेजारची पंचफुला, मूळची इथलीच, सणाची ठेठरी-खुरमी, म्हणजे बेसनाचं तिखट आणि कणकेचं गोड, घेऊन आली. आपला पोळा तोच त्यांचा पोरा, आमच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे जातात आणि त्यांची ठेठरी आमच्याकडे येते, मी लहान होते तेव्हापासून. सुजय तिच्या हातचा तांदळाचा फरा खाऊन मोठा झाला. ती बडग्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "हर्षा बहिनी, हमन तो कभू नइ केहेन कोनो ला भगाव. हमर नांव ले के काबर बोलथे ओ लइका?" आम्ही कधी कोणाला हाकला म्हटलं नाही, मग आमचं नाव घेऊन हा का बोलतो? मी तिला बसायला पाट दिला.

मोनाही आली. नरेशला दवाखान्यातून आणलं होतं, तो आत पडून असायचा. मोना कधी जास्त बोलत नाही. तिनं जर्सी पाहिली, ती कोणाची हे ओळखलं आणि म्हणाली, "बाबाजी, त्याच्या अंगातली पिडा तुम्ही पेटवान. माह्या घरात आली थे कोणत्या बडग्यात जाते?"

बाबांच्या हातातला तारेचा तुकडा खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. मोना आत गेली. त्या दिवशी बाबा पुरणपोळीला शिवले नाहीत.

कोणी तरी अंगणाच्या भिंतीवरून व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे फिरला. भिलाईचा एक म्हातारा सुजयचा पुतळा बांधतो आहे, एवढंच त्यात होतं. म्हातारा कोण हे कोणी लिहिलं नव्हतं. खाली मात्र माटी फौजच्या पोरांनी लिहिलं होतं, परदेसियों का त्योहार, देखते हैं कैसे निकलता है.

सकाळी मारबत निघाली. दरवर्षीपेक्षा माणसं कमी होती, भिऊन बरेच जण घरात राहिले. पिवळी मारबत आनंदरावांच्या डोक्यावर, बडग्या बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात त्यांची काठी. मी म्हटलं मी धरते, त्यांनी दिला नाही. हिरव्या जर्सीची रिकामी बाही चालताना त्यांच्या पाठीवर आपटत होती. सुजय लहानपणी झोपला की ते त्याला असंच खांद्यावर घेऊन यायचे, मैदानापासून घरापर्यंत. मला ते आठवायचं नव्हतं, पण आठवलं.

वस्ती संपते तिथं मोकळी जागा आहे, त्यापलीकडे यार्डाची भिंत. तिथं दोन जीप उभ्या होत्या. पोरं उतरली, हातात काठ्या. आणि त्यांच्यामध्ये सुजय. दीड वर्षानं मी त्याला समोर पाहत होते. वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पहिला विचार मनात आला तो, हा नीट जेवत नाही. मग स्वतःचाच राग आला.

त्यानं आधी आनंदरावांना पाहिलं, मग मला आणि मग बाबांना. पुतळा बांधणारा म्हातारा आपला आजोबा असेल हे त्यानं व्हिडिओत ओळखलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्याची नजर बडग्याच्या अंगावरच्या जर्सीवर गेली आणि तिथंच थांबली.

पोरांनी मोबाइल वर धरले होते. त्यांतला एक, मिसरूड फुटलेलं पोर, बाबांच्या अगदी पुढ्यात आला. "भइया, ओ हथखोज वाला घलो बोलत रिहिस, अउ इहां के मन घलो बोलथें. ए डोकरा तोर बबा ए का?"

तो हथखोजवाला म्हणत होता, इथले लोकही म्हणतात, हा म्हातारा तुझा आजोबा आहे का? सगळे मोबाइल सुजयच्या तोंडाकडे वळले.

तो बोलला नाही. हो म्हणाला असता तर त्या पोरांसमोर, त्या मोबाइलांसमोर तो भंडाऱ्याच्या परदेसियाचा नातू ठरत होता, ज्यांना हातपाय मोडून गाडीत बसवायचं त्यांच्यापैकी एक. नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. निदान मी तरी असं समजते की जमत नव्हतं. सात जणांच्या हातांतून निसटणारा माझा भाचा एका प्रश्नात अडकून उभा होता.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं. आणि माझ्या बापानं, ज्याच्या घरातल्या माणसाचा डोळा या पोरानं घेतला त्यानं, त्या पोराला सोडवलं.

"गलत सुने हस बाबू," ते त्या मिसरूडवाल्याला म्हणाले, अस्सल छत्तीसगढीत. "मैं ओखर कोनो नोहंव."

तू चुकीचं ऐकलंस, मी त्याचा कोणी नाही.

मी सुजयकडे पाहत होते. मला वाटलं, आता तरी बोलेल. एवढं झाल्यावर दगडही बोलेल. आबाजी, एवढाच शब्द, लहानपणी दिवसातून शंभरदा म्हणायचा. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्यानं मान फिरवली आणि पोरांना म्हणाला, "सुन डारेव न? डोकरा ए, जावन दे." ऐकलंत ना? म्हातारा आहे, जाऊ द्या.

पोरं बाजूला झाली. पंचफुलानं माझा दंड धरला. हो, ती आली होती, पदर डोक्यावर घेऊन, आमच्या लोकांत सगळ्यांत शेवटी. मला त्या वेळी ओरडायचं होतं, सुजयच्या कानाखाली वाजवायची होती. पण बाबांनी जे बोलून टाकलं होतं ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

बाबांनी बडग्या जमिनीत रोवला, आनंदरावांनी मारबत त्याला टेकवून ठेवली. जर्सीची बाही सरळ केली, जसे सामन्याला निघताना करायचे. काडी ओढली. बांबू कोरडा होता, लगेच पेटला.

आरोळी बाबाच आधी देतात, मग बाकीचे. त्यांनी तोंड उघडलं. "इडा पिडा..." एवढं म्हणाले आणि आवाज बसला. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, त्यांच्यासोबत, माझ्या चिरक्या आवाजात, मागे आनंदरावांनी, पंचफुलानं. "घेऊन जा गे मारबत!" काय घेऊन जा ते कोणी म्हटलं नाही. पाठीवरची पांढरी अक्षरं आधी काळी झाली, मग गेली.

आम्ही वळलो. परतताना कोणी बोलत नाही, तसं कोणी बोललं नाही. आनंदराव पुढे, मागे आम्ही. लहानपणी मी एकदा वळून पाहिलं होतं तेव्हा बाबांनी माझं मुंडकं धरून सरळ केलं होतं, आणि सुजयचं तर किती वेळा. वस्तीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी हे शिकवलं आहे.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पण एकच. दुसरी सुरू झाली नव्हती.

बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, काठी टेकवली आणि सगळं अंग फिरवून मागं वळले.

"बाबा!" मी त्यांचा खांदा धरला. स्वतः पाहायची मला भीती वाटत होती, मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होते. "मागं नाही पाहायचं. पाठीमागून घरी येते थे."

"मालूम हाये मले," बाबा म्हणाले. त्यांची नजर धुरावर होती, आणि धुराशेजारी जो कोणी उभा असेल त्याच्यावर. "म्हणूनच पाहून राहिलो. येईन तं येऊ दे पिडा. तिच्या मांगं पोरगंही येईन."

आणि ते तसेच पाहत उभे राहिले.